टाकीआडचं घड्याळ

फोन वाजला तेव्हा अप्पा बाल्कनीत बसून त्या दिवशीच्या पेपराच्या नावानं बोटं मोडत होते. हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. ज्या माणसानं चाळीस वर्षं बातम्या लिहिल्या, त्याला निवृत्तीनंतर दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या निमूटपणे वाचायला लावणं म्हणजे आचाऱ्याला पंगतीत बसवण्यासारखंच. कुठे मीठ कमी, कुठे तिखट जास्त, आणि वाढणाऱ्याचं लक्ष भलतीकडेच.

काकू फोन हातात धरून आल्या. काकू म्हणजे अप्पांची बायको. सगळी इमारत त्यांना काकू म्हणायची, म्हणून आपणही म्हणू.

"अहो, कुणी बाई आहे. बोलते आपल्याच भाषेत, पण पुस्तक वाचून दाखवल्यासारखी. म्हणते, मी मास्तरांची मुलगी."

अप्पांच्या हातातला पेपर गळून पडला.

कोण मास्तर, हे काकूंना विचारावं लागलं नाही. एकतीस वर्षं त्या मास्तरांच्या गोष्टी ऐकत आल्या होत्या. पाहुणे आले, चहा झाला, आणि कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, 'अप्पा, तुम्ही तिकडे होतात ना त्या धामधुमीत?', की अप्पा सुरू. हॉटेल, संचारबंदी, मास्तर. काकूंना सगळं तोंडपाठ होतं. फक्त मास्तरांच्या घरातला तिसरा दिवस आला की अप्पा घड्याळाकडे बघत, 'चला, उशीर झाला' म्हणत, आणि गोष्ट तिथेच गुंडाळत. काकूंना वाटायचं, मित्राच्या आठवणीनं जीव भरून येत असेल. त्यांनी कधी खोदून विचारलं नाही.

"मी एका परिषदेसाठी आले आहे तुमच्या शहरात," फोनवरची म्हणाली. "उद्या सकाळी परत जाते. आज चार वाजता मोकळी आहे. येऊ का?"

"अगं, विचारतेस काय! ये, ये!" अप्पांचा आवाज आपोआप चढला. फोन ठेवला. ते तिथेच खुर्चीत बसून राहिले.

तिच्या बापाला का नेलं, हे आता बहुधा एकट्या अप्पांनाच माहीत होतं. आणि ती चार वाजता येणार होती.

*

एकतीस वर्षांपूर्वी त्या देशात सेनापतीनं एका सकाळी संसदेला टाळं ठोकलं. आठवड्याच्या आत चारी दिशांचे वार्ताहर तिथे हजर. बेचाळीस वर्षांचे अप्पा त्यांतलेच एक. एकच हॉटेल चालू होतं, आणि त्या हॉटेलात एकच फोन. तो खालच्या मजल्यावर, मॅनेजरच्या टेबलावर. प्रत्येकाला दहा मिनिटं. वेळ मोजायला मॅनेजरनं स्वयंपाकघरातलं अंडी उकडायचं गजराचं घड्याळ आणून ठेवलं होतं. गजर झाला की वाक्य अर्धं राहो की शब्द अर्धा, मागचा माणूस हातातून फोन काढून घ्यायचा. दुसऱ्या टोकाला अप्पांच्या कचेरीतल्या टंकलेखिका बाई असायच्या. अप्पा इकडून वाक्य ओरडायचे, बाई तिकडे टाइप करायच्या आणि थंडपणे म्हणायच्या, "पुढे?" शहर पेटलंय म्हणून सांगितलं, तरी "पुढे?" मंत्री पळाला म्हणून सांगितलं, तरी "पुढे?" अप्पा म्हणायचे, माझ्या लिहिण्याला खरी शिस्त संपादकानं नाही लावली, त्या बाईंनी लावली.

बरोबर फोटो काढायला दाढी होता. दाढी हे नाव. हनुवटीवर केस औषधालाही नव्हता. रस्त्यात गोळीबार चालू असला तरी पठ्ठ्या सकाळी गुळगुळीत दाढी केल्याशिवाय बाहेर पडायचा नाही, म्हणून दाढी. पाणी बंद झालं त्या दिवशी त्यानं चहानं दाढी केली आणि दिवसभर गाल चिकट म्हणून कुरकुरत हिंडला. कसले दिवस होते! पोटात भीती होती, खिशात पासपोर्ट, आणि तरीही सकाळी उठावंसं वाटायचं. तसं उठावंसं अप्पांना नंतर कधी वाटलं नाही.

आणि मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे. शाळा बंद पडल्या म्हणून दुभाषी झाले. अप्पांना त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना अप्पांची. दोघांनाही येणारी एक तिसरीच भाषा होती, तीत त्यांचा संसार चालायचा. पत्रकार परिषदेत माहितीमंत्र्यानं तासभर भाषण ठोकलं. मास्तरांनी सगळं इमानेइतबारे सांगितलं आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "हे त्याचं झालं. आता माझं. ज्या पुलाचं उद्घाटन केलं म्हणतोय ना, तिथे नदीच नाही." अप्पांना इतकं हसू लोटलं की शिपायानं त्यांना दालनाबाहेर काढलं. ती बातमी सगळ्यांच्या आधी अप्पांची गेली, कारण ते सगळ्यांच्या आधी फोनपाशी पोचले.

मग एके दुपारी अचानक संचारबंदी लागली. हॉटेलच्या चारी बाजूंनी लष्कराच्या गाड्या. दाढी आत अडकला; अप्पा आणि मास्तर बाहेर होते. मास्तरांनी एका शब्दानं विचारलं नाही. हात धरला, तीन गल्ल्या, एक मागचं अंगण, एक गच्ची पार करत अप्पांना सरळ घरी नेलं. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर.

तिथे तीन दिवस.

त्या स्वयंपाकघराइतकं जवळचं स्वयंपाकघर अप्पांना दुसरं नव्हतं, काकूंची क्षमा मागून. ओट्याखाली रिकाम्या बाटल्या रांगेत, पाणी भरून ठेवलेल्या. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली जुना नकाशासंग्रह. मास्तर म्हणायचे, "त्यातल्या सीमा बदलल्यात, आता एवढाच उपयोग." मास्तरांची बायको बोलायची नाही फारसं, पण ताटात काही उरू द्यायची नाही. आणि सात वर्षांची मुलगी. तिला अप्पांनी पहिल्याच तासाला फौजदार नाव ठेवलं, कारण तिनं समोर खुर्ची ओढून चौकशी सुरू केली. तुमचे दात किती? तुमच्या घरी कोण आहे? तुम्ही बूट घालून झोपता का? मास्तर प्रश्न भाषांतर करून सांगायचे, अप्पा उत्तर द्यायचे, आणि ती वहीत टिपून घ्यायची. तीन दिवसांत तिनं अप्पांची जेवढी माहिती काढली, तेवढी पुढे त्यांच्या मुलानंही कधी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा मेहुणा आला. लष्कराच्या छावणीत कोठारावर कारकून होता, म्हणून त्याच्यापाशी रस्त्यावर फिरायचा पास. दारातच बहिणीशी हमरीतुमरीवर आला. शब्द कळत नव्हते, पण बोट अप्पांकडे होतं. नंतर मास्तर हसून म्हणाले, "म्हणतो, या परक्याला बाहेर काढा, सगळ्यांना गोत्यात आणाल. घाबरट आहे. मनाचा वाईट नाही."

आणि स्वयंपाकघराला खिडकी होती. तिच्यातून छावणीचं पटांगण दिसायचं. पकडून आणलेली कॉलेजची मुलं तिथे उन्हात बसवलेली. सरकार म्हणत होतं, एकालाही अटक नाही. अप्पा पडद्याआडून मोजत होते. एकशे चौसष्ट.

तिसऱ्या दिवशी दोन तासांची सूट मिळाली. अप्पा धावतपळत हॉटेलात गेले, रांगेत उभे राहिले, आणि बातमी सांगितली. अगदी डोळ्यांत तेल घालून सांगितली. मास्तरांचं नाव नाही, धंदा नाही, मजला नाही, वस्ती नाही. मुलीचा मुलगा केला. बाटल्या गाळल्या, टेबल गाळलं. पण वार्ताहर तो वार्ताहर. खिडकीतून जे दिसलं, ते नेमकं सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याचा विश्वास कसा बसेल? दहाव्या मिनिटाला, गजर व्हायच्या आत, त्यांनी शेवटचं वाक्य सांगितलं:

'पाण्याच्या टाकीनं स्टेशनच्या घड्याळाचा डावा अर्धा भाग झाकला आहे; सहा वाजून गेले की काटा टाकीआड जातो, आणि तिथून पुढची वेळ फक्त शिपायांना माहीत असते.'

टंकलेखिका बाई "पुढे?" म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "छान." चौदा वर्षांत एकदाच.

ते वाक्य गाजलं. परदेशी पेपरांनी उचललं, पत्रकारितेच्या वर्गांत शिकवायला घेतलं, अप्पांना त्यासाठी मोठा मान मिळाला. बातमी छापून आल्यावर सहाव्या दिवशी सकाळी शिपायांनी मास्तरांना घरातून नेलं.

महिन्याभरानं सरकारनं वार्ताहरांना छावणी दाखवायला नेली; बघा, इथे कुणी नाही. एक मेजर, सभ्य, हसतमुख, अप्पांना बाजूला घेऊन पटांगणाच्या एका कोपऱ्यात गेला आणि म्हणाला, "तुमची बातमी आम्ही इथे उभं राहून वाचली. बघा. घड्याळ तिथे. टाकी तिथे. दोन्ही एका रेषेत येऊन बरोबर अर्धं घड्याळ झाकलं जाईल, अशी खिडकी या शहरात किती असतील?" त्यानं बोट वर केलं. "एक."

अप्पांनी सगळी माणसं लपवली होती. स्वतः कुठे उभे आहोत, ते सांगून बसले होते.

हॉटेलात येऊन त्यांनी हे दाढीला सांगितलं. दाढी म्हणाला, "मी असतो तर कॅमेऱ्यानं हेच केलं असतं." तेवढ्यावर दोघांनी तोंडाला कुलूप लावलं. दुसऱ्याच आठवड्यात अप्पांना देशाबाहेर काढलं. मास्तर चौदा महिन्यांनी तुरुंगातच वारले, हे अप्पांना इथे, एका एजन्सीच्या दोन ओळींच्या बातमीत कळलं. त्यांच्या बायकोला पत्रं लिहायला घेतली. एकही दुसऱ्या ओळीच्या पुढे गेलं नाही. दोन वर्षांपूर्वी दाढी वारला. शेवटपर्यंत गुळगुळीत.

*

चारला पाच मिनिटं असतानाच बेल वाजली.

अडतीस वर्षांची बाई. मास्तरांचं कपाळ, मास्तरांचंच एक खांदा किंचित खाली ठेवून उभं राहणं. अप्पांना दारातच भडभडून आलं.

"फौजदार," ते म्हणाले.

"दात किती राहिले?" ती म्हणाली. आणि मग दोघंही रडता रडता हसायला लागले, आणि काकू पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "अहो, तिला आत तरी येऊ द्या."

ती दुभाषी झाली होती. बापाचाच धंदा. मोठ्या परिषदांत काचेच्या खोलीत बसून बोलते म्हणाली. अप्पांची भाषा मुद्दाम शिकली, चार वर्षं, शिष्यवृत्ती मिळवून. "काका, तुमची ती बातमी मला मूळ भाषेत वाचायची होती," ती म्हणाली. "काका म्हटलं तर चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" काकू म्हणाल्या.

पुढचा तास अप्पांच्या आयुष्यातला फार चांगला तास होता, आणि तेच वाईट होतं. तिला बाप हवा होता. सात वर्षांच्या मुलीजवळ आठवणी त्या किती असणार? तिला आठवत होता तो हात, साबणाचा वास, आणि नकाशावर फिरणारं बोट. ती विचारत गेली, अप्पा सांगत गेले. बाबा चालायचे कसे? भरभर, आणि रस्ता ओलांडताना उगाचच टोपीला हात लावायचे. रागवायचे का? एकदाच, दाढीनं त्यांच्या देशाच्या राजधानीचं नाव चुकीचं लिहिलं तेव्हा. नसलेल्या नदीवरच्या पुलाची गोष्ट सांगितली तेव्हा ती इतकी हसली की चहा सांडला. "हे मला माहीत नव्हतं! आईला सांगते. आईला हे माहीत नसणार!" काकूंनी ती गोष्ट शंभरदा ऐकली होती, पण त्याही पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसल्या.

मग तिनं ते वाक्य म्हणून दाखवलं. अप्पांच्या भाषेत, एकेक शब्द स्वच्छ. "सहा वाजून गेले की काटा टाकीआड जातो..." म्हणाली, "शाळेत मी हे आमच्या भाषेत म्हणून दाखवायची. पोरं म्हणायची, तुझं काय मोठं? मी म्हणायची, ही आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. आमचं घर जगानं वाचलंय."

अप्पांनी विषय बदलला.

"आई कशी आहे तुझी?"

"आहे. त्याच घरात. हट्टी झालीय." तिनं बशी बाजूला सरकवली. "आमचा मामा दवाखान्यात आहे, काका. डॉक्टर म्हणतात, दोन-चार दिवसांचा सोबती. रोज निरोप पाठवतो, ताईला एकदा बोलवा. आई जात नाही."

"का गं?" काकूंनी विचारलं.

"त्यानंच बाबांची खबर दिली ना." ती सहज बोलली, घरात हजारदा बोललेलं बोलतात तसं. "छावणीत कामाला होता. थोडेच दिवस आधी येऊन भांडून गेला होता. दुसरं कोण सांगणार? तो आईच्या पाया पडला, देवाच्या शपथा घेतल्या, दरवर्षी पत्र टाकायचा. आईनं एक पत्र फोडलं नाही. एकतीस वर्षं तोंड पाहिलं नाही त्याचं. त्याच्या लग्नालासुद्धा आम्ही गेलो नाही. मी पण त्याला रस्त्यात ओळख दाखवली नाही कधी. आता मरताना कशाला जायचं, म्हणते."

अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती एकसारखी किरकिरत होती.

काय कठीण होतं गप्प बसणं? दाढी गेला होता. मेजर एव्हाना कुठल्या तरी बागेत नातवंडं खेळवत असेल, नाहीतर तोही गेला असेल. ही पोर उद्या विमानात बसेल, जाताना वाकून नमस्कार करेल, घरी जाऊन आईला पुलाची गोष्ट सांगेल. काका किती चांगले, म्हणेल. इतकी वर्षं जे पोटात राहिलं, ते आणखी दोन-चार वर्षं सहज राहिलं असतं. अप्पांचं आयुष्य तरी किती उरलं होतं? हे सगळं त्यांच्या मनात आलं. आलं नाही म्हणणं खोटं ठरेल.

पण तो कारकून अजून जिवंत होता. दोन-चार दिवस.

त्यांनी बाल्कनीत पडलेला सकाळचा पेपर आणला, कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं एक चौकोन काढला. "ही टाकी." एक गोल काढला. "हे घड्याळ." मग दूर, खाली, पटांगण. "आता तू इथे उभी आहेस. हातात माझी बातमी आहे. घड्याळाचा डावा अर्धा भाग टाकीनं झाकलाय, असं मी लिहिलंय. अशी खिडकी शोध."

तिनं हसत पेन्सिल घेतली. तिला वाटलं, काका खेळ मांडतायत. घड्याळावरून टाकीच्या कडेला लागून रेघ ओढली. रेघ पुढे गेली. आणि मधेच पेन्सिल थांबली. घराण्यात भूगोल होता. तिला फार वेळ लागला नाही.

"मामानं काही सांगितलं नाही," अप्पा म्हणाले. "मी सांगितलं. छापून."

मग त्यांनी मेजरचं सांगितलं, एक शब्दही मऊ न करता. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. इतकी वर्षं मित्राच्या दुःखानं गप्प बसणारा नवरा म्हणून ज्याला जपलं, त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशा बघत होत्या.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" मुलीनं विचारलं.

"तेव्हापासून."

"आणि मामा..."

"मामावर आळ आहे, हे मला माहीत नव्हतं गं. शप्पथ."

"विचारलं असतंत तर कळलं असतं," ती म्हणाली. "तुमचा तर विचारायचाच धंदा."



ती उठली. अप्पांना वाटलं, चालली. पण तिनं पर्समधून मोबाइल काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर दोघांच्या मध्ये ठेवला. "मी आईला सांगणार नाही. हे माझं सांगायचं नाही. तुम्ही सांगा. मी फक्त दुभाषी."

पलीकडे घंटा वाजली. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. मुलगी दोन वाक्यं बोलली. त्यात अप्पांना स्वतःचं नाव ऐकू आलं, आणि पलीकडचा आवाज एकदम उजळला, काहीतरी भराभर बोलला.

"विचारतेय, तुम्ही जेवता ना नीट," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता.

अप्पांनी घसा साफ केला. जन्मभराची सवय अशी की तोंडातून आधी पेपरातलंच वाक्य बाहेर पडलं. "त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या एका बातमीतल्या वर्णनावरून कदाचित घराचा माग लागला असण्याची..."

तिनं हात वर केला. "हे मी सांगणार नाही. नीट बोला."

"मी लिहिलं," अप्पा म्हणाले.

तिनं ते आपल्या भाषेत सांगितलं. मास्तरांनी त्या तीन दिवसांत अप्पांना वीसेक शब्द शिकवले होते, त्यांतला 'मी' एक होता. तो त्यांना ओळखू आला. चांगला दुभाषी 'ते म्हणतात' असं म्हणत नाही. बोलणाऱ्याचा मी तोच आपला मी करतो. म्हणजे मास्तरांच्या मुलीला आपल्या आईला, आपल्याच तोंडानं, सांगावं लागत होतं: मी लिहिलं. मी खिडकी दाखवली. तुझ्या नवऱ्याला माझ्यामुळे नेलं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. तिचा आवाज एकदाही कापला नाही. प्रत्येक वाक्याला ती अप्पांकडे बघून थांबायची, अप्पा पुढचं वाक्य बोलायचे.

"तुमच्या भावानं काही केलं नाही," अप्पा म्हणाले. "तो खरं बोलत होता."

तिनं तेही सांगितलं. काकू केव्हा येऊन अप्पांच्या मागे उभ्या राहिल्या, कळलं नाही. पण खांद्यावर हात ठेवला नव्हता.

मग पलीकडून हळू, तुटक आवाज येऊ लागला. मुलगी खाली बघून सांगत गेली, तशाच पद्धतीनं, मी म्हणून.

"माझे बूट कुठे आहेत?"

खुर्ची सरकल्याचा आवाज. कपाट उघडल्याचा.

"पत्रं सगळी खाटेखालच्या पेटीत आहेत. बरोबर घेऊन जाते. त्याच्यासमोर फोडते." मग, "आता बस मिळेल ना मला? किती वाजले?"

मुलीनं घड्याळ बघून आईला वेळ सांगितली. पलीकडे फोन कुठेतरी नुसताच ठेवला गेला. पावलं लांब गेली, दार वाजलं, आणि जिन्यावरचे आवाज ऐकू येईनासे झाले.

"माझ्याबद्दल काही म्हणाली?" अप्पांनी विचारलं. विचारू नये, हे विचारताना कळत होतं.

"नाही," मुलगी म्हणाली. "तुमच्याबद्दल काहीच म्हणाली नाही."

तिनं पर्स घेतली, काकूंना नमस्कार केला आणि निघाली. अप्पा दारापर्यंत गेले. तिनं त्यांना काका म्हटलं नाही, पण जिना उतरण्याआधी थांबली. म्हणाली, "मामाला काही विचारायचं असेल तर मी नंबर पाठवते, दुभाषी मी होईन. मात्र उद्याच विचारा."

अप्पा आत आले, कोरा कागद आणि पेन घेऊन टेबलापाशी बसले, आणि त्या माणसाला काय विचारायचं ते लिहू लागले. पहिल्या ओळीत त्यांनी त्याचं नाव विचारलं. त्यांना ते माहीतच नव्हतं.